नथ उजवीकडे

"चेहरा सोडून दुसरं काही काढायचं असेल तर इथे येऊ नका," हे काका माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, "चपला बाहेर. सरळ लावा."

मी चपला सरळ लावल्या. तेव्हा माझी वेळच तशी होती. चाकणच्या आमच्या कंपनीत मी सुपरवायझरच्या दिशेने जेवणाचा डबा भिरकावला होता. डबा रिकामा होता आणि लागलाही नाही, याची मला आजही हळहळ वाटते. एचआरच्या बाईंनी बोलावून घेतलं. नोकरी राहील, पण डोकं थंड राहण्यासाठी एखादा छंद लावून घ्या, असं त्यांनी मला चक्क लेखी दिलं. मी लातूरकडची. आमच्याकडे छंद लागला म्हटलं की शेजारचे लोक आईवडिलांना भेटायला येतात. पण नोकरी टिकवायची होती. चिखलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. तिच्या भिंतीवर पत्र्याची पाटी होती: 'जलरंग. फक्त चेहरा. गुरुवारी दहा ते एक. निसर्गचित्र शिकवले जाणार नाही.' आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारचीच. निसर्गाशी माझं तसंही काही देणंघेणं नव्हतं. गेले.

तिथे शिकवणाऱ्यांना आम्ही काका म्हणायचो. 'सर' म्हटलेलं चालायचं नाही. "मी शिक्षक नाही, इन्स्पेक्टर आहे," असं ते सांगत, आणि ते खरंच होतं. एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये त्यांनी उभी हयात गाड्यांच्या बंपरचा रंग गाडीच्या रंगाशी जुळतो की नाही एवढंच पाहण्यात घालवली होती. त्या कामाला यंत्र आलं आणि काका घरी आले. येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या. रंगांची शेड कार्डं, कंपनीचे निळे शर्ट, आणि तपासणीचे छापील टॅग, एक खोकं भरून. हिरवा टॅग म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट. हिरव्यांचा गठ्ठा कोराच्या कोरा होता, त्याची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती.

शिकवण्याची पद्धत एकच. भिंतीवर एक खिळा. बरोबर दहा वाजता काका कपाटातून एक्स-रेचं काळं पाकीट काढत. पाकीट आक्काच्या गुडघ्याच्या एक्स-रेचं होतं, एक्स-रे कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. आक्का म्हणजे त्यांची बायको. तर त्या पाकिटातून एक जुनं कॅलेंडर निघायचं, तारखांचा भाग कापून टाकलेलं. त्यावर एका बाईचं चित्र. कुठल्याशा सरदार घराण्यातली, नऊवारी, कपाळावर आडवी चिरी, नाकात मोत्यांची नथ. कुणा जुन्या चित्रकाराने जलरंगात काढलेली. चित्रकाराचं नाव नाही, बाईचंही नाव नाही. चाळीस मिनिटं ते खिळ्यावर टांगलेलं असायचं. दहा चाळीसला पुन्हा पाकिटात. आम्ही चार जण होतो. तेवढ्यात जे डोळ्यांत साठेल त्यावर पुढचे दोन तास काढायचे.

"उन्हाने मास्टर उतरतो," काका म्हणायचे. पेंट शॉपमध्ये 'मास्टर' म्हणजे पास झालेला पहिला नमुना. पुढचा सगळा माल त्याच्याशी जुळवून पाहायचा. जुळला तर पास, नाही तर भंगार. मास्टर अंधारात ठेवतात, हात पुसून धरतात, आणि त्याच्याविषयी शंका घेत नाहीत. "मास्टरला विचारायचं नसतं," हे वाक्य काका दिवसातून एकदा तरी म्हणायचे, मग विषय चित्राचा असो की दुधाचा.

जलरंगातला चेहरा म्हणजे काय त्रास असतो, ते केल्याशिवाय कळत नाही. पांढरा रंग वापरायचा नाही. नाकाच्या शेंड्यावरची चमक म्हणजे कोरा कागद, तो पहिल्यापासून राखायचा. एकदा तिथे थेंब पडला की मेलं. आधी पिवळ्या मातीचा पातळ हात, तो ओला असतानाच गालावर गेरूचा स्पर्श, सुकला की सावलीला निळसर. खोडरबर चालत नाही, त्याने कागदाचा जीव जातो. म्हणून चेहरा आधी ट्रेसिंग पेपरवर काढायचा, त्याच्या पाठीवर पेन्सिल घासायची, तो चांगल्या कागदावर सुलटा ठेवून रेघांवरून टोक फिरवायचं, की खाली फिकट रेघा उमटतात. हे सगळं मी पहिल्या गुरुवारी शिकले आणि पुढची दोन वर्षं तेच करत राहिले. तीच बाई, तीच नथ.

चित्र झालं की काका मास्टर पुन्हा काढून दोन्हींना पट्टी लावायचे. मग लाल टॅग भरायचे. टॅगवर छापील रकाने होते. पार्टचं नाव, दोष, तपासणी कशी केली, सही. तपासणीच्या रकान्यात दोन पर्याय होते, 'मास्टरशी जुळवून' आणि 'प्रत्यक्ष पाहून'. काका पहिल्यावर खूण करायचे, नेहमीच. माझ्या पहिल्या टॅगवर दोष लिहिला होता: 'डावी नाकपुडी अर्धा मिलिमीटर जास्त. भाव रागीट.'

"भाव कसा मोजला काका?" मी विचारलं.

"तो मोजावा लागत नाही, चार नंबर. तुमच्याकडे पाहिलं की कळतो."

मी चार नंबर. ते कुणालाच नावाने हाक मारायचे नाहीत, ज्या खुर्चीवर बसाल तो नंबर. एक नंबरवाले कुरुळीचे फिटर होते, रात्रपाळी करून थेट यायचे आणि बाईच्या डोळ्यांपाशी पोचले की त्यांचेच मिटायचे. दोष: 'डोळे पेंगुळलेले.' बरोबरच होतं.

रंगाचं वेड त्यांच्या अंगातच होतं. मंडईत टोमॅटोला शेड कार्ड लावून बघायचे. एकदा सिग्नलला एका नव्याकोऱ्या दिसणाऱ्या गाडीच्या काचेवर टकटक करून त्यांनी मालकाला सांगितलं, "साहेब, डावं दार नंतर रंगवलंय." त्या गृहस्थाने ती गाडी आदल्याच दिवशी 'एक ओरखडा नाही' म्हणून विकत घेतली होती. तो खाली उतरला, दाराकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि मागे हॉर्नचा गोंधळ चालू असताना शांतपणे म्हणाला, "बसा." दोघं मिळून विकणाऱ्याकडे गेले. तिथे काकांनी बॉनेटही रंगवल्याचं शोधून काढलं. तेव्हापासून चिखलीत जुनी गाडी घेताना लोक काकांना घेऊन जायचे, जसं मुलगी पाहायला जाताना थोरल्या माणसाला नेतात. लग्नकार्याला मात्र कुणी त्यांना पुढच्या रांगेत बसवायचं नाही. एका लग्नात त्यांनी ऐन मंगलाष्टकांत वरबापाला सांगितलं होतं की नवरदेवाचा फेटा आणि उपरणं वेगवेगळ्या लॉटचं आहे.

आक्का चिखलीची. तिच्या भावाच्या जागेतच यांचं घर. काका कोकणातून नोकरीला आले आणि इथले जावई झाले. आक्का वर्गात कोपऱ्यात पाटावर बसायची, लसूण सोलत, मेथी निवडत, आमच्याकडे बघत. हनुवटीवर उजवीकडे ठसठशीत तीळ, बोलताना तो आधी हलायचा. ती वर्षातून दोनदा तरी एक प्रश्न विचारायची. माझ्यादेखत विचारला तो असा:

"अवो, हिची नथ उजवीकडं कशी?"

"मोठ्या घरची पद्धत असेल."

"मोठ्या घरात नाकं उलटी असत्यात व्हय?"

"मास्टरला विचारायचं नसतं," काका म्हणाले, आणि माझ्या कागदावर पट्टी ठेवली.

आता मी बाई आहे. माझ्या आईच्या, आजीच्या, मावशीच्या नाकात मी डावीकडेच नथ पाहिली. तरी ती उजवीकडची नथ मी पन्नास वेळा मोत्यांसकट रंगवली आणि मला एकदाही खटकलं नाही. याची मला लाज वाटते, ती सांगून टाकते.

काका स्वतःही तेच चित्र काढत. वीस वर्षं. आमचं झालं की आमच्यासमोरच आपल्या चित्राला पट्टी लावायचे, आणि आपल्याच नावाने लाल टॅग भरायचे. पलंगाखाली दोन ट्रंका भरल्या होत्या. त्यांचा नियम असा की, मास्टरशी जुळणारी एक तरी कॉपी पास झाल्याशिवाय जिवंत माणसाला ब्रश लावायचा नाही. बेस पक्का नसेल तर वरचा कोट पापुद्रे धरतो, म्हणे. आक्काने लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला एकदाच म्हटलं होतं, माझं काढा. "आधी हे जमू दे," ते म्हणाले होते. जमत होतं, जमत होतं, आणि आक्काचे केस पांढरे झाले.

मग आक्काला जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप बदलावी लागेल. तारीख मिळाली, पुढच्या महिन्यातला सोमवार. त्या गुरुवारी मी वर्गात लवकर पोचले होते, म्हणून हे माझ्या कानावर आलं. आक्का लसूण सोलतच बोलत होती, आवाज न चढवता.

"माज्या फोटूला हार घालायची पाळी आली तर तुमी आधार कारडावरचा फोटू मोठा करून लावाल. मला म्हाईत हाय. दुसरा हायेच कुठं? त्यात मी चोरावानी दिसती. मला तसलं टांगून घ्यायचं न्हाई. आपरेशनच्या आत एकदा काढा मला."

काकांनी कॅलेंडरच्या खिळ्याकडे पाहिलं. खिळ्यावर तेव्हा काही नव्हतं.

"आधी हे जमू दे," ते म्हणाले.

"वीस वर्सं जमतंयच की तुमचं," आक्का म्हणाली आणि सालं गोळा करून आत गेली.

मला इतका राग आला की तेव्हा हातात डबा नव्हता हे बरंच झालं. पण पुढच्या गुरुवारी गेले तर काकांच्या टेबलाखाली सात नवी चित्रं. एका आठवड्यात सात. सगळ्यांना लाल टॅग. काकांचे डोळे सुजलेले. म्हातारा नियम मोडायला तयार नव्हता, पण नियमातूनच बायकोपर्यंत पोचायला धडपडत होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात नऊ. एका टॅगवर दोषाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'घाई.' मी उठून उगाच पाण्याचा मग धुवून आणला.

ऑपरेशनला साडेतीन आठवडे उरले होते तेव्हा ती गोष्ट घडली. आमच्या लाइनवरच्या एका बाईने कंपनीच्या ग्रुपवर मुलीच्या शाळेच्या सहलीचे फोटो टाकले. पुण्यातलं कुठलं तरी छोटं संग्रहालय. मुलगी दोन बोटं दाखवत उभी, आणि तिच्या मागे भिंतीवर आमची बाई! तीच नऊवारी, तीच चिरी. फक्त तोंड दुसऱ्या बाजूला वळलेलं आणि नथ डावीकडे.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं की संग्रहालयाने चित्र उलटं लावलंय. इतकी मी तयार झाले होते. मग वाटलं, फोटोच उलटा असेल. पण मुलीच्या गणवेशावरचं शाळेचं नाव सरळ वाचता येत होतं. म्हणजे उलटं होतं ते आमचं कॅलेंडर. छापणाऱ्याने कधीकाळी फिल्म पालथी ठेवली असेल, आणि त्यावर एका माणसाने वीस वर्षं पट्टी लावली.

सांगावं की सांगू नये? सांगितलं तर म्हातारा कोसळेल, आणि उरलेल्या दिवसांत ब्रश धरणार नाही. नाही सांगितलं तर ऑपरेशनपर्यंत लाल टॅग मोजत बसेल. दोन दिवस मी कंपनीत कुणाशी धड बोलले नाही. सुपरवायझर माझ्यापासून चार हात लांबच फिरत होता. शेवटी मी आक्कालाच फोटो दाखवला. तिने मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"मी काय सांगत व्हते?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्यांना सांगू नगंस. सांगून ऐकत न्हाईत. दाखव."

आता काकांना गुरुवारचा वर्ग सोडून पुण्याला न्यायचं कसं? वीस वर्षांत त्यांनी वर्ग बंद ठेवला नव्हता. सासरे वारले तेव्हासुद्धा तो दिवस बुधवार निघाला होता. पण मीही क्वालिटीतली आहे. मी विचारलं, "काका, आमच्याकडे मोजमापाचं प्रत्येक हत्यार आणि प्रत्येक मास्टर वर्षातून एकदा बाहेरून तपासून आणावा लागतो. तुमचा हा मास्टर शेवटचा कधी तपासला?"

काकांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही. ते हळूच म्हणाले, "वीस वर्षं राहून गेलंय."

गुरुवारी आम्ही तिघं निघालो. आक्काला रिक्षातून पिंपरीपर्यंत, तिथून मेट्रोने. काकांच्या हातात काळं पाकीट, खिशात शेड कार्डं. संग्रहालयात आक्का दर दहा पावलांवर थांबत होती. शेवटच्या खोलीत ते चित्र होतं, आमच्या कॅलेंडरपेक्षा थोडं लहानच. काकांनी पाकिटातून कॅलेंडर काढलं आणि चित्राशेजारी धरलं.

मग ते पहारेकऱ्याला म्हणाले, "हे असं कधीपासून लावलंय?"

"आधीपासून हाय की."

"मधे कधी उतरवलं होतं? काच बदलायला वगैरे?"

"काका, ते कागदावरचं चित्र हाय. उलटं लावलं तर नुसता कोरा कागद दिसंल ना."

पहारेकऱ्याने आक्काला आपलं स्टूल दिलं होतं. त्यावर बसून ती चित्राकडे बघत होती, आणि तिने अगदी समाधानाने मान हलवली.

"आता बराबर हाय नथ," ती म्हणाली.

येताना मेट्रोत जागा होती, तरी काका चिखलीची रिक्षा धरेपर्यंत उभेच होते. मला वाटलं, संपलं. आपणच हे घडवून आणलं. त्या रात्री मी जेवले नाही, आणि मी न जेवणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट आहे.

तीन दिवसांनी आम्हां चौघांना त्यांचा फोन आला. "सगळी चित्रं परत आणा. लॉट रिकॉल आहे." बाजारात गेलेला माल सदोष निघाला की कंपनी तो परत मागवते, त्याला रिकॉल म्हणतात. एक नंबरवाल्यांनी आपलं एक चित्र गावाकडे बहिणीला लग्नात दिलं होतं, ते एसटीने मागवावं लागलं. सगळी चित्रं गोळा झाली. काकांनी भिंतीवर कंपनीच्या पद्धतीचा एक तक्ता चिकटवला. चूक झाली की 'का?' असं पाच वेळा विचारत मुळापर्यंत जायचं, तो तक्ता. मी तो उतरवून घेतला, अजून माझ्याकडे आहे.

'नथ उजवीकडे का गेली? कॅलेंडर उलटं छापलेलं होतं म्हणून.
ते आधी लक्षात का आलं नाही? मास्टर तपासला नाही म्हणून.
का तपासला नाही? त्याच्याविषयी तक्रार नाही असं समजलो म्हणून.
तक्रार नव्हती का? होती. वीस वर्षं येत होती.
मग नोंद का झाली नाही? तक्रार करणारी व्यक्ती घरातली होती म्हणून.'

खाली उपाय: 'यापुढे प्रत्येक ट्रेसिंग पालथा घालूनच उतरवावा. अपवाद नाही.' म्हणजे कॅलेंडरवरून काढलेला उलटा चेहरा, ट्रेसिंग पालथा घातला की कागदावर सुलटा येणार. हुशारीचा उपाय होता. आम्ही सगळ्यांनी खाली सह्या केल्या. आक्कानेही केली.

त्याच दिवशी काकांनी पलंगाखालच्या ट्रंकांना कुलूप लावलं आणि आक्काला म्हणाले, "मास्टरच रद्द झाला. त्यावर बसवलेला नियमही रद्द. बस इथे."

आक्का लसणाची पाटी घेऊन बसली. "पाटी ठेव," ते म्हणाले. "न्हाई ठेवत," ती म्हणाली, "हात रिकामे ठिवून मी कदी बसले?"

तिला फार वेळ ताठ बसवत नव्हतं, म्हणून काकांनी काम दोन टप्प्यांत केलं. पहिल्या दिवशी समोरून, ट्रेसिंग पेपरवर रेघा. दुसऱ्या दिवशी रंग. म्हणजे रंगवणं नाही, नोंदणं. ते शेड कार्डांचा जुडगा घेऊन तिच्या गालाशी एकेक कार्ड धरत आणि वहीत नंबर लिहीत. कपाळाचा एक, गालाचा एक, डोळ्यांखालच्या काळपटीचा एक. "ही बंपरची कार्डं हायत," आक्का मला म्हणाली, "कंच्या गाडीच्या बंपरला मी जुळती का बघ." हसली आणि तिला धाप लागली. काकांनी कार्डं बाजूला ठेवली, पाणी दिलं, आणि धाप थांबेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मग पुढचं कार्ड.

त्यानंतरचे सहा दिवस त्यांनी दार लावून, वहीतले नंबर समोर ठेवून रंगवलं. आक्काला आत येऊ दिलं नाही. ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी आम्हां सगळ्यांना बोलावलं आणि चित्र खिळ्यावर टांगलं.

देवाशपथ सांगते, मी तसं चित्र पुन्हा पाहिलं नाही. आक्का होती ती. दमलेली, आणि कुणाला तरी टोचून बोलायच्या बेतात असलेली. नाकाच्या शेंड्यावर कोऱ्या कागदाचा ठिपका. एक नंबरवाल्यांचे डोळे पहिल्यांदाच टक्क उघडे होते. मग माझं लक्ष हनुवटीकडे गेलं.

तीळ डावीकडे होता.

काकांनी अपवाद केला नव्हता. ट्रेसिंग पालथा घातला होता. कॅलेंडर उलटं होतं म्हणून केलेला उपाय त्यांनी जिवंत, सुलट्या बायकोला लावला होता. मी आक्काच्या हनुवटीकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. काका माझे डोळे कुठे फिरतात ते बघत होते. इन्स्पेक्टर तो इन्स्पेक्टरच. ते चित्राजवळ गेले. मग वळून बायकोकडे बघितलं. खाली बसले. त्यांचा हात खोक्याकडे गेला आणि त्यांनी लाल टॅग काढला. पेन उघडलं. दोषाच्या रकान्यात काही लिहिता येईना, पेन नुसतं कागदावर टेकलेलं राहिलं.

"तारीख सोमवारची आहे," ते म्हणाले. "दुसरं होणार नाही."

आक्का उठली. तिने खिळ्यावरचं चित्र काढून घेतलं आणि मोरीजवळच्या आरशापुढे गेली. त्याच आरशात ती रोज वेणी घालायची, कुंकू लावायची. चित्र भिंतीवर आरशाच्या शेजारी धरून तिने आधी आरशात पाहिलं, मग चित्राकडे. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"काय चुकलंय वो?" ती म्हणाली. "मी अशीच हाय. सकाळी उठल्यापास्नं मला ही अशीच दिसती. तीळ ह्याच बाजूला. तुमाला दिसती ती बाई मी जलमात पाह्यली न्हाई, आधार कारडावर सोडून. आन् ती मला आवडत न्हाई."

ती परत आली, खोक्यातून हिरव्या टॅगांचा गठ्ठा काढला, दातांनी दोरी तोडली आणि वरचा टॅग काकांपुढे ठेवला. "लिवा, पास."

"सही कोण करणार? मला करता येत नाही, यात दोष आहे."

"मी करती. चेहरा माजा हाय."

केली. वळणदार, सावकाश, शाळेत शिकलेलं पूर्ण नाव. मी बाहेर जाऊन चपला पुन्हा सरळ लावल्या, कारण मला रडू येत होतं आणि ते मला तिथे नको होतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते आक्कानेच मला सांगितलं, ऑपरेशननंतर घरी आल्यावर, त्याच पाटावर बसून. सोमवारी दवाखान्यात भरती होताना फॉर्म भरायचा होता. काका भरत होते. नाव, वय, पत्ता भरून झालं आणि 'ओळखखूण' या रकान्याशी येऊन थांबले. 'हनुवटीवर तीळ' एवढं लिहिलं. मग पेन उचललं. मागे रांग होती, काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, बाजू लिहा, डावी की उजवी." काका उठून आक्काच्या खुर्चीसमोर आले, तिची हनुवटी वर केली, आणि बघत राहिले. पट्टी नाही, कार्ड नाही.

"सगळा दवाखाना आमच्याकडं बघत व्हता," आक्का मला म्हणाली. "मी म्हणलं, आता काय जुळवताय?"

शेवटी त्यांनी बोटाने तीळ चाचपला, परत जाऊन लिहिलं, 'उजवीकडे'. आणि त्या फॉर्मवर तसा रकाना नसताना, समासात आपली सही करून, सहीच्या वर लिहिलं: 'प्रत्यक्ष पाहून.'